सातवा रकाना

इनास बस्त्याव तुस्कानो, गाव गास, तालुका वसई,
मनामात एकेचाळीस वर्षं एसी दुरुस्त करून
मंगळवारी पहाटे गेला.
पेटी शनिवारच्या विमानाने गेली.
एकशे बारा रेकॉर्ड मात्र राहिल्या. कार्गोवाला म्हणाला,
मॅडम, माणसापेक्षा याच जड.

तर त्या आता चर्चच्या ऑफिसात आहेत,
मेणबत्त्यांच्या खोक्यांवर,
आणि मी फॉर्म भरते आहे.
नाव. बापाचं नाव. बाप्तिस्म्याची तारीख.
सातवा रकाना: धर्मप्रांत.

काय लिहू?
त्याच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा गास मुंबईच्या महाधर्मप्रांतात होतं.
पुढे वसईने चूल वेगळी मांडली.
इनास तेव्हा इथे, कुणाच्या तरी गच्चीवर, कॉम्प्रेसर उघडून बसलेला.
बहिणीच्या पत्रातून त्याला कळलं:
धाकटीचं ठरलं, केळीला भाव नाही,
आणि अगदी खाली, जागा संपत आल्यावर,
आपल्याला आपला बिशप मिळाला.

इथलंही काही खरं नाही.
एके वर्षी रोमहून कागद आला
आणि अख्खं बहरीन, एक वीट न हलता,
अरबस्तानातून उत्तर अरबस्तानात गेलं.
त्यातही हा पुरता धर्मप्रांत नव्हेच.
व्हिकारिएट म्हणतात.
साखरपुडा झालेला, तारीख न धरलेली.
म्हणून आमच्या बिशपांना पदवी मिळते
दुसऱ्याच एका शहराची, जे कधीचं वाळूखाली गेलं.
तिथे माणूस नाही, कुत्रं नाही, घंटा नाही,
नाव मात्र कुणीतरी चालू ठेवलं आहे.
नोकरीला लागले तेव्हा मला याचं हसू यायचं.

काल संध्याकाळी एक रेकॉर्ड लावून पाहिली.

अवालीतले तेल कंपनीचे इंग्रज गाशा गुंडाळत होते,
तेव्हा घेतलेल्या या.
अंगणात टोस्टर, छत्र्या, रॅकेटी,
आणि एका खोक्यात या बायका,
केसांत फूल, डोळे मिटलेले, तोंडापाशी मायक्रोफोन.
पंधरा दिनारला सगळ्या.
इनासचं इंग्रजी बेताचं. तो म्हणायचा,
बाई काय सांगते ते सोड, कधी सांगते ते बघ.

बास चालत असतो, रात्रीच्या रखवालदारासारखा.
पियानो जागा करून देतो.
ती समेवर येत नाही.
सम निघून जाते, दार मिटत येतं,
आणि मग ही, उंबऱ्याशी चपला काढत असल्यासारखी,
आत येते.
उशीर झाला असं कुणालाच वाटत नाही.
ही बाई मरून माझ्या वयाइतकी वर्षं झाली असतील.

आम्ही उलटे.
सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारही शुक्रवारीच उरकतो,
देवाला दोन दिवस आधी बोलावतो.
कोकणी सातला, मल्याळम नऊला, टागालोग अकराला.
मराठी मिस्सा महिन्यातून एकदा, मागच्या हॉलमध्ये,
खुर्च्या आपापल्या लावायच्या.
तिथे इनास शेवटच्या रांगेत,
सगळ्यांचं आमेन म्हणून झाल्यावर
एकटाच आमेन म्हणायचा.
मी त्याला दोनदा टोकलं होतं.

फादर वालेरियन म्हणाले, लिहून टाका काहीतरी,
कुरियर चारला येतो.
लिहिलं: वसई.
शाई ओली होती. रेकॉर्ड संपली होती,
सुई आतल्या कोऱ्या रेघेत फिरत होती,
जिथे गाणं नसतं, नुसता एक आकडा,
कुणीतरी हाताने कोरलेला.
त्यात वाळू अडकली असावी. खर्र, खर्र.

कुरियरवाला चारला आला.
मी सव्वाचारला फॉर्म दिला.